रात्रपाळीचा माणूस

दिवस कलला की तिच्या हातांना पाय फुटत. दुपारभर मांडीवर निजलेले ते हात जागे होत आणि भटकायला निघत. उशीखाली, गादीखाली, शेजारणीच्या कपाटात, मावशींच्या ट्रेवर. काय हरवलंय ते तिला सांगता येत नसे, आणि जे हाती लागे ते नेमकं हवं ते नसे. मग तिचा जीव वरखाली होई. ती उठून दाराकडे जाई. कोणी आडवं आलं की ढकले. धरलं की ओरबाडे. आणि तोंडाने एवढंच, "सोडा मला. जाऊ द्या."

हे सगळं तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांदेखत होई. वृद्धांच्या त्या शुश्रूषा केंद्रात भेटायची वेळ संध्याकाळची होती आणि तो एकही संध्याकाळ चुकवत नव्हता. दारात पाऊल टाकावं आणि तिचं सुरू व्हावं, असा जणू नेमच होऊन बसला होता. या विसरण्याच्या आजारात संध्याकाळी असं होतंच, असं सगळे सांगायचे. त्यानेही ते मानलं होतं. कातरवेळ कुणाला सुखाची असते, असं म्हणून तो तिच्याजवळ बसायचा आणि तिच्या नखांचे ओरखडे मनगटावर घेऊन घरी जायचा.

उभी हयात त्याने शहराच्या पंपघरात काढली होती, तीही रात्रपाळीत. बाकीच्यांना रात्रपाळी आळीपाळीने लागायची. याने कायमची मागून घेतली, कारण रात्रीचे चार पैसे जास्त मिळत. गाव निजलं की हा टाकी भरायचा, गाव उठलं की नळाला पाणी असायचं. पाणी कुठून आलं ते कुणी विचारत नसे. दिवसा झोपतो म्हणून गल्लीतली पोरं त्याला घुबडकाका म्हणायची. इथे केंद्रात त्याचं नाव पडलं होतं पंपवाले.

"काय पंपवाले, आज येणार का पाणी?" खिडकीजवळच्या खुर्चीतले मास्तर रोज विचारायचे. शाळेतून निवृत्त झालेले, पाय गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"टाकी भरतेय मास्तर."

"भरू द्या सावकाश. आमची तर गळतेय."

एवढा विनोद झाला की दोघंही हसत. दिवसभरातलं त्याचं बोलणं बहुतेक एवढंच.

लेक दूर असायची, दुसऱ्या देशात. तिचा फोन यायचा. एकदा तिने सांगितलं, "बाबा, तिला ओळखीचं काहीतरी दाखवत जा. मी वाचलंय. ओळखीची वस्तू दिसली की मन शांत होतं म्हणे."

त्याने घरभर पाहिलं. तिच्या ओळखीचं काय न्यावं? भांडी, चादरी, फोटो, सगळं हाताळून झालं. शेवटी त्याला वाटलं, माझ्याहून ओळखीचं तिला दुसरं काय असणार. पण आताचा मी नव्हे, तेव्हाचा मी. त्याने ट्रंकेतून ड्यूटीचा खाकी शर्ट काढला. इस्त्री केली. घोटून दाढी केली, केसांना पाणी लावून भांग पाडला, खांद्याला ती जुनी पिशवी अडकवली. आरशात पाहिलं तर म्हातारा जावई सासरी निघाल्यासारखा दिसत होता. त्याचं त्यालाच हसू आलं.

आणि खरंच, तिने ओळखलं. किती दिवसांनी कोण जाणे, तिची नजर त्याच्यावर येऊन टेकली, घसरली नाही. त्याच्या काळजात दिवा लागला. लागला तोच विझला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. ती खुर्चीतून अशी उठली की खुर्ची मागे कलंडली.

"थांबा," ती म्हणाली. "थांबा जरा. आलेच मी."

बिचारीला आपल्याबरोबर घरी यायचंय, त्याला वाटलं. त्याने तिचे खांदे धरले. "मी कुठे जात नाही गं. बस तू. बस निवांत."

पण बसायच्या शब्दानेच तिला आग लागली. तिने त्याला झिडकारलं, कपाटाची दारं उघडली, आपटली. मावशी चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्यावर तिचा हात गेला. चहा मावशींच्या हातावर सांडला. मावशी नुसतं "स्स" म्हणाल्या आणि हात नळाखाली धरायला गेल्या. 

केंद्राच्या मुख्य सिस्टरांनी त्याला ऑफिसात बोलावलं. त्या वाईट बाई नव्हत्या. दमलेल्या होत्या.

"काका, बसा. हे असं रोजचं झालंय. आज मावशी, उद्या कुणी म्हातारं पडलं तर मी कुणाला तोंड दाखवू? पुढच्या आठवड्यात डॉक्टर येतील. तोवर फरक पडला नाही तर काकूंना वरच्या मजल्यावर हलवावं लागेल. तिथे गोळी जरा जोरात देतात. त्रास होत नाही मग त्यांना."

"त्यांना त्रास होत नाही," तो म्हणाला. पुढचं त्याने गिळलं.

वरचा मजला त्याने एकदा पाहिला होता. चुकून जिना चढला होता. तिथे खूप शांत होतं. माणसं होती, पण घरात माणसं नसताना जशी शांतता असते तशी. उघडी तोंडं, अर्धे मिटलेले डोळे, गालावरून ओघळणारी लाळ. एकाचा हात पलंगाच्या दांडीला कापडाने बांधलेला, मऊ कापडाने, काळजीने. तो जिना उतरताना त्याला कठडा धरावा लागला होता. ओरबाडणारी असली तरी ती अजून तीच होती. तिथे गेली की तिची गादी तेवढी राहणार.

त्या रात्री तो अंथरुणावर पडला, आणि सकाळी अंगात ताप होता. पुढच्या काही संध्याकाळी त्याने छताकडे बघत काढल्या. घर मोठं नव्हतं, तरी पुरून उरत होतं. एका खोलीतून खोकलं की दुसऱ्या खोलीतून कुणी विचारत नव्हतं. ती आता कुणाकुणाला मारत असेल, या काळजीने त्याचा घास कडू व्हायचा. अंगात त्राण आलं तसा उठून तो केंद्रावर गेला.

"काय केलं तिने?" दारातच त्याने मावशींना विचारलं. त्यांच्या हातावर भाजल्याचा तांबूस डाग होता.

मावशी हातातला टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करत राहिल्या. "काही नाही काका. शांत होत्या."

"गोळी दिली?"

"नाही हो. जेवल्या. खिडकीत बसल्या. मास्तरांशी बोलल्यासुद्धा एकदा, वाद घालून." मावशींनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला काय कळतंय. पण तुम्ही आला नाहीत ना, त्या दिवसांत एकदाही..."

वाक्य तिथेच सोडून त्या कामाला गेल्या. चांगल्या मनाचं माणूस असंच बोलतं, अर्ध्यावर सोडतं.

तो आत गेला नाही. व्हरांड्यातल्या काचेच्या दाराआड उभा राहिला. आत ती टेबलाशी बसली होती, धुतलेल्या नॅपकिनांच्या घड्या घालत होती. कोपऱ्याला कोपरा लावून, तळव्याने इस्त्री केल्यासारखी सपाट करून. कातरवेळ तीच होती, ऊन त्याच खिडकीतून उतरत होतं, आणि तिचे हात शांत होते. एवढ्या संध्याकाळी त्याने आपलं म्हणून जे काही तिच्यापाशी नेलं होतं, ते दुखणंच होतं तर.  आल्या पावली परत जावं असं त्याला वाटलं.

पण पंपघरात एक गोष्ट अंगवळणी पडली होती. दाब चढला तर घाबरून पळायचं नाही, कुठे तुंबलंय ते बघायचं. त्याने दार लोटलं आणि या वेळी तिच्याजवळ न जाता उंबऱ्यातच उभा राहिला, फक्त बघायला.

तिने मान वर केली. त्याला पाहिलं. नॅपकिन हातातून गळाला आणि हात निघाले भटकायला. टेबलाखाली, खणात, कपाटात. ओठ हलत होते. त्याने कान दिला.

"अजून शेगडीसुद्धा पेटली नाही. डबा कुठे ठेवला मेला. आता गाडी जाईल यांची. उपाशी जातील. रात्रभर उपाशी राहतील."

तो दाराच्या चौकटीला टेकला.

उभ्या संसारात संध्याकाळी त्याने तिला असंच पाहिलं होतं. पाठमोरी आणि घाईत. तो उठे, अंघोळ करी, शर्ट चढवी, आणि ती शेगडीपाशी एका हाताने भाजी हलवत, दुसऱ्या हाताने डब्याचं झाकण शोधत असे. ड्यूटीची गाडी कोपऱ्यावर भोंगा वाजवी, की दोघांचीही धांदल. तिच्या डोळ्यांपुढे संध्याकाळी तो उभा राहिला याचा अर्थ एकच होता, आणि तिच्यापाशी ना शेगडी होती, ना डबा, ना पीठ. आणि तो स्वतः, मुडदा, रोज समोर बसून म्हणत होता, बस निवांत. त्यात खाकी शर्ट घालून आला. जखमेवर मीठ चोळायला इस्त्री करून आला होता तो.

दुसऱ्या दिवशी त्याने घरी स्वतःच्या हाताने स्वयंपाक केला, जमेल तसा, आणि डब्यात भरला. रिकामा डबा तिने वजनावरून ओळखला असता. संध्याकाळी तो आत गेला आणि तिचे हात उठायच्या आधीच डबा तिच्यापुढे धरला.

"डबा घेतला गं. निघतो मी."

ती थबकली. डब्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. डबा हातात घेऊन तिने तोलून बघितला. झाकण दाबून पाहिलं. मग जवळ येऊन त्याची कॉलर सरळ केली.

"पोळ्या गार झाल्या असतील."

"चालतील."

"पाणी उकळून प्या तिथलं."

मागे मास्तर खुसखुसले. "पाणी उकळून प्यायला सांगतेय पाणीवाल्याला." त्याने मास्तरांकडे पाहिलंही नाही.

"जा सावकाश," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली. पाठ टेकली. दिवसभराचं काम हातावेगळं झालेल्या बाईचा सुस्कारा तिने सोडला आणि खिडकीतून बाहेर बघू लागली. त्याच्याकडे तिने परत पाहिलं नाही. गेलेल्या माणसाकडे कोण बघतं?

तो गेला. जावंच लागलं. उंबऱ्यात रेंगाळला तर तिची मान वळू लागली, "गाडी चुकली की काय", म्हणून त्याने पाय उचलला.

मग रोज तसंच होऊ लागलं. यायचं, डबा दाखवायचा, कॉलर सरळ करून घ्यायची, निघायचं. चहाचा कप निवायला लागतो त्याच्या आत सगळी भेट आटपायची. डॉक्टर आले, कागद चाळले, वरच्या मजल्याची गरज नाही म्हणाले. सिस्टरांनी त्याला मुद्दाम ऑफिसात बोलावून चहा पाजला. "काका, असंच चालू द्या. छान युक्ती काढलीत."

लेकीला फोनवर सांगितलं. "मग आता शांत आहे ना आई?"

"शांत आहे."

"मग झालं तर बाबा. आणखी काय पाहिजे?"

"हो ना," तो म्हणाला. "झालंच."

केंद्रासमोरच्या बसथांब्यावर तो डबा मांडीवर घेऊन बसायचा. बस यायची, जायची. कंडक्टरांना ओळख पटली होती. ते आता थांबून विचारतही नसत. समोर केंद्राच्या खिडक्यांत दिवे लागत. तिची खिडकी कुठली ते त्याला ठाऊक होतं. ती तिथे त्याच्यामुळे सुखात होती, त्याच्या जाण्यामुळे. इतकं सोपं औषध जगात कुणाला सापडलं नसेल. नवऱ्याने उठून जायचं. बाकी काही करायचं नाही. दिवे विझू लागले की तो घरी जायचा आणि गार डबा उघडून जेवायचा. पाळीवर जेवायचा तसाच, एकटा. फक्त आता यंत्रांची घरघर सोबतीला नव्हती.

एका पहाटे तो जागाच होता, रात्रभर झोप आली नव्हती. खिडकीत उजाडत होतं. सायकलीवरून पेपर टाकणारा गेला. गल्लीतल्या नळाला पाणी आल्याचा आवाज झाला, आधी हवेची फुसफुस आणि मग धार. नळाला पाणी आलं की त्याची पाळी सुटायची. तो अंथरुणात उठून बसला. संध्याकाळी गेलेला माणूस सकाळी परत येतो. एवढी साधी गोष्ट, लहान पोरालाही कळावी अशी, आणि तो रोज नुसता जातच राहिला होता.

तोंडावर पाणी मारून तो तसाच निघाला. दाढीचे खुंट, चुरगळलेला शर्ट.

सिस्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काका, सकाळी अंघोळी असतात, साफसफाई असते. या वेळी कुणाला सोडत नाही आम्ही."

"मध्ये येणार नाही. कोपऱ्यात बसेन."

"इतकी चांगली बसलीय घडी. कशाला मोडता?"

 तो नुसता उभा राहिला. तिची घडी बसली होती, त्याची नव्हती, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिला पुन्हा बिथरवलं तर वरचा मजला, हे त्यालाही कळत होतं. सिस्टरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडे. "एक दिवस. त्या बिथरल्या तर लगेच बाहेर. आणि पुन्हा विचारायचं नाही."

तिची अंघोळ झाली होती. ओले केस पाठीवर सोडून ती पलंगावर बसली होती. तो उंबऱ्यात थांबला.  तिने पाहिलं. तिचे हात मांडीवरून उचलले गेले, आणि मावशी, भाजल्या हाताच्या मावशी, नकळत एक पाऊल मागे सरल्या.

"आलात?" ती म्हणाली. "उशीर केलात."

"बदलीचा माणूस उशिरा आला."

"त्याला काय होतंय उशीर करायला. बायको नसेल त्याला." ती पलंगावरून उठली. हातांनी काही शोधलं नाही. तिने चादर झटकली, उशी थोपटली. "पडा. डोळे बघा कसे झालेत."

त्याने मावशींकडे पाहिलं. मावशींनी दाराकडे पाहिलं, दारात सिस्टर होत्या, आणि सिस्टरांनी बारीकशी मान हलवली. तो तिच्या पलंगावर आडवा झाला. तिने त्याच्या पायांवर चादर ओढली आणि उशाशी खुर्ची ओढून बसली.

तिला जवळून, निवांत बघावं म्हणून त्याने डोळे उघडेच ठेवले होते. किती दिवसांत बघितलं नव्हतं. तिच्या हनुवटीवरचा तीळ, कानाची लोंबलेली पाळी, कपाळावरचे ओले केस. पण तिची त्याच्या डोळ्यांशी नजर भिडली आणि ती चपापली. "का हो? झोप नाही? उठता? चहा टाकू?" हात खुर्चीच्या दांड्यांवर चाचपू लागले, कपाटाकडे वळले. "दूध कुठंय. दूधच आलं नाही अजून."

त्याने झटकन डोळे मिटले. श्वास लांबवला.

हात थांबले. थोड्या वेळाने एक तळवा त्याच्या कपाळावर येऊन टेकला आणि उठला.

मग त्याने ते ऐकलं. बादलीची कडी वाजली तशी ती कुजबुजली, "शू. हळू जरा. रात्रभर जागून आलेत." मास्तरांचा खोकला ऐकून म्हणाली, "मास्तर, खोकायचं तर बाहेर जाऊन खोका." मास्तर, ज्यांचे पाय गेलेले होते, ते हळूच म्हणाले, "बरं बाई." सिस्टरांच्या बुटांची टकटक आली, त्यांना तर तिने चांगलंच झापलं, "बाई, चपला हातात घ्या की." आणि टकटक खरोखरच थांबली. सगळी खोली तिच्या धाकात होती. घरीही असं असेल. गल्लीतली पोरं खेळायला पुढच्या वळणावर का जायची, ते त्याला आत्ता कळत होतं.

आवाज सगळे निवले, तेव्हा ती गुणगुणू लागली. त्याच्यासाठी नव्हे. झोपलेल्या माणसासाठी कोण गातं? हातात काम असताना बायका जसं स्वतःशीच म्हणतात तसं.

हळू वाज गं कडी, हळू लाग रे दारा
दिवसा निजला बाई, माझा रातीचा तारा

त्याने हे कधीच ऐकलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. ऐकणार कसं? ती हे म्हणायची तेव्हा तो खरोखर झोपलेला असायचा. घोरत असेल. आणि ती त्याच्या उशाशी, बिछान्याच्या या बाजूला, कुठलं तरी काम घेऊन बसलेली असेल. तिचा सगळा संसार त्याच्या मिटलेल्या डोळ्यांपुढे झाला होता. उठल्यावर त्याला दिसायची ती पाठमोरी, घाईतली. ही बाई त्याच्या घरात राहत होती, आणि त्याची तिची भेटच झाली नव्हती.

विचारावं असं खूप होतं. हे कुणी शिकवलं तुला? मला कधी का ऐकवलं नाहीस? डोळे उघडून, उठून बसून, तिचा हात धरून विचारावं. पापण्यांच्या आत सगळं तांबूस झालं होतं. ऊन तोंडावर आलं असावं. लगेच तिचा हात आडवा आला आणि तांबूस होतं ते काळं झालं. ती त्याच्या डोळ्यांवर सावली धरून बसली होती. हात तिथून हलत नव्हता.

दारातून सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "उद्याही येऊ द्या त्यांना."

मावशी काहीतरी बोलल्या. तो ऐकत पडून राहिला. त्याला उत्तर देता येत नव्हतं. श्वास लांब आणि सारखा ठेवायचा होता, पापणी हलू द्यायची नव्हती. वरच्या हाताची सावली अजून तशीच होती, आणि ती पुन्हा पहिल्या ओळीवर आली होती.